लाल तेल की पुस्तकातलं तेल? जुन्या गाडीच्या पॉवर स्टेअरिंगचा आढावा

बुलढाणा जिल्ह्यातली माणसं आपला मुलूख दोन नावांनी ओळखतात: घाटावरचा आणि घाटाखालचा. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा हे तालुके वर. मोताळा, मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर खाली. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर आहे आणि तिथली हवा त्यातल्या त्यात सौम्य. खाली पूर्णेच्या खोऱ्यात मे महिन्यात पारा ४४ अंशांच्या आसपास फिरतो. या दोन पट्ट्यांना जोडणाऱ्या राजूर घाटातून आणि ज्ञानगंगा अभयारण्यातल्या बोथ्याच्या घाटातून जुन्या बोलेरो, सुमो, क्वालिस आणि स्कॉर्पिओ भरल्या पाठीने चढतात-उतरतात. त्यांतल्या कित्येक पुण्या-मुंबईच्या वापरून झालेल्या, दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आलेल्या. गाडीबरोबरचं माहितीपुस्तक वाटेत कुठेतरी गहाळ झालेलं असतं.

अशा गाडीचं स्टेअरिंग जड व्हायला लागलं किंवा वळणावर पंप घोंगावू लागला, की प्रश्न उभा राहतो: टाकीत कोणतं तेल घालायचं, आणि जुनं काढून नवं भरायचं की नुसतं वर करायचं? याचं उत्तर प्रत्येक गॅरेजात वेगळं मिळतं. एक मिस्त्री म्हणतो, लाल तेल टाका, काही होत नाही. दुसरा म्हणतो, कंपनीच्या बाटलीशिवाय हात लावू नका. सुट्या भागांच्या दुकानात ‘सर्व गाड्यांसाठी’ असं लिहिलेली सिंथेटिक बाटली पुढे येते. आणि शेतकरी कुटुंबात ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक ऑइलचा डबा घरातच असतो. या सगळ्या मतांमागे काही ना काही आधार आहे. तो काय आहे आणि कुठपर्यंत पुरतो, हे नीट पाहायला हवं, कारण चुकीच्या तेलाने बिघडलेला रॅक किंवा स्टेअरिंग बॉक्स दुरुस्त करायला हजारो रुपये लागतात आणि योग्य तेल लिटरला काहीशे रुपयांत मिळतं.

त्याआधी एक खात्री करून घ्यावी. सगळ्याच पॉवर स्टेअरिंगमध्ये तेल नसतं. विजेच्या मोटरवर चालणाऱ्या स्टेअरिंगला ना टाकी, ना पंप, ना पाइप. मारुतीची २००५ मध्ये आलेली स्विफ्ट या प्रकारची. बॉनेट उघडून पट्ट्यावर फिरणारा पंप आणि त्याला जोडलेली छोटी टाकी दिसत नसेल, तर हा सगळा वाद त्या गाडीसाठी लागूच नाही.

पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या पिअर्स-ॲरो कंपनीच्या ट्रक विभागात काम केलेले फ्रान्सिस डेव्हिस यांनी १९२६ मध्ये तेलाच्या दाबावर चालणाऱ्या स्टेअरिंगचं प्रात्यक्षिक दाखवलं. ते महाग पडतं म्हणून मोटार कंपन्या मागे हटल्या. दुसऱ्या महायुद्धात जड लष्करी वाहनांना मात्र त्याची गरज पडली, आणि १९५१ मध्ये क्रायस्लर इम्पीरियल ही पॉवर स्टेअरिंगसह विकली गेलेली पहिली प्रवासी मोटार ठरली.

तेलाचा आजचा गोंधळ त्याच काळात सुरू झाला. ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससाठी जनरल मोटर्सने १९४९ मध्ये ‘टाइप ए’ नावाचं तेल ठरवून दिलं होतं. ते पेट्रोल पंपांवर सहज मिळत होतं, पातळ होतं, झिजेपासून वाचवणारं होतं. स्टेअरिंगसाठी वेगळं तेल काढण्याऐवजी तेच वापरलं गेलं. लाल तेल म्हणून आपल्याकडे जे ओळखलं जातं ते हेच, म्हणजे एटीएफ (ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड). गळती इंजिन ऑइलची की गिअरबॉक्सची हे चटकन कळावं, म्हणून त्यात लाल रंग मिसळलेला असतो.

पुढे टाइप एच्या जागी जनरल मोटर्सचंच १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात डेक्सरॉन, १९७३ मध्ये डेक्सरॉन दोन आणि १९९३ मध्ये डेक्सरॉन तीन आलं. सुरुवातीच्या तेलांत घर्षण जुळवण्यासाठी देवमाशाचं तेल घालत. १९७० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेने देवमाशांच्या उत्पादनांवर बंदी आणली आणि तेलांची घडणच बदलावी लागली. २००५ मध्ये डेक्सरॉन सहा आलं. २००६ संपताना तेल कंपन्यांना जनरल मोटर्सकडून मिळणारे डेक्सरॉन तीनचे परवाने थांबले. ही तारीख जुन्या गाडीच्या मालकाने लक्षात ठेवण्यासारखी आहे; तिच्याकडे पुढे पुन्हा यावं लागेल.

युरोपातल्या आणि काही जपानी कंपन्यांनी वेगळी वाट धरली. जर्मन गाड्यांत हिरवं सिंथेटिक हायड्रॉलिक तेल आलं, होंडाने स्वतःचं वेगळं तेल ठेवलं. भारतात १९९० च्या दशकात मोटारींचा बाजार खुला झाला तेव्हा या सगळ्या परंपरा एकदमच आपल्या रस्त्यांवर उतरल्या. इथे पॉवर स्टेअरिंगचं उत्पादनही होतच होतं. पुण्याजवळ वढू बुद्रुकला कारखाना असलेली झेडएफ स्टेअरिंग गिअर ही कंपनी १९८१ ची. विजेवर चालणाऱ्या स्टेअरिंगची सुरुवात जपानमध्ये १९८८ च्या सुझुकी सर्व्होपासून झाली आणि पुढच्या दोन दशकांत लहान गाड्यांतून तेल हळूहळू हद्दपार झालं. आज आपल्यासमोर असलेला प्रश्न म्हणूनच मुख्यतः १९९० च्या दशकाच्या मध्यापासून २०१० च्या आसपासपर्यंतच्या गाड्यांचा आहे.

तेल आत काय करतं

इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा पंप टाकीतलं तेल ओढतो आणि दाबाने पुढे पाठवतो. स्टेअरिंग सरळ असताना तेल फिरून परत टाकीत येतं. चाक वळवलं की आतला झडपेचा भाग थोडा पिळला जातो आणि तेल रॅकच्या किंवा बॉक्सच्या एका बाजूला ढकललं जातं. पूर्ण वळण घेऊन चाक धरून ठेवलं की दाब साधारण ७० ते १०० बारपर्यंत चढतो, सुटकेची झडप उघडते आणि तेल तिथल्या तिथे घुसळून तापतं. पूर्ण वळणावर चाक काही सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवू नका, अशी सूचना माहितीपुस्तकांत असते ती यामुळे.

तेलावर चार कामं आहेत: दाब वाहून नेणं, पंपाच्या पात्यांना वंगण देणं, उष्णता बाहेर काढणं, आणि रबरी सील मऊ पण घट्ट ठेवणं. चौथं काम सर्वांत नाजूक आहे. या यंत्रणेतले सील बहुधा नायट्राइल रबराचे असतात. खनिज तेलात हे रबर ठरावीक प्रमाणातच फुगतं आणि त्या फुगण्यावरच त्याची पकड अवलंबून असते. तेल बदललं तर ही पकडही बदलू शकते. ‘कोणतं तेल’ या वादाचा खरा गाभा इथे आहे.

कोणतं तेल: चार मतं

पहिलं मत पुस्तकाचं. गाडी बनवणाऱ्याने टाकीच्या झाकणावर किंवा पुस्तकात जे लिहिलं आहे तेच घालावं, त्यात पर्याय नको. या मताचा सर्वांत भक्कम दाखला होंडाचा. जुन्या, तेलावर चालणाऱ्या स्टेअरिंगच्या होंडा गाड्यांत कंपनीचंच तेल घालावं आणि अडचणीत दुसरं घातलं तर लवकरात लवकर सगळं धुऊन काढून पुन्हा तेच भरावं, असं त्यांचं पुस्तक सांगतं. १९९८ मध्ये भारतात आलेली पहिली होंडा सिटी या नियमात बसते. स्कोडाच्या पहिल्या ऑक्टाव्हियात हिरवं तेल लागतं. ती टाकी लाल तेलाने वर करू नये. ह्युंदाईच्या जुन्या गाड्यांना पीएसएफ-३ आणि नंतरच्या गाड्यांना पीएसएफ-४ लागतं, म्हणजे एकाच कंपनीतही दोन तऱ्हा.

दुसरं मत लाल तेलाचं, आणि आपल्या जिल्ह्यात तेच बहुसंख्य आहे. त्याला गावठी जुगाड समजणं अन्यायाचं होईल. टोयोटाच्या क्वालिससारख्या गाड्यांत डेक्सरॉन दोन किंवा तीन घालावं असं कंपनीच सांगते. सुझुकीच्या तेलावर चालणाऱ्या जुन्या स्टेअरिंगलाही एटीएफच लागतं. देशी जीप-प्रकारातल्या बहुतेक जुन्या गाड्यांची गोष्ट तीच. म्हणजे घाटात जी वाहनं सर्वांत जास्त राबतात त्यांच्यापुरतं मिस्त्रींचं उत्तर बरोबर आहे. चूक होते ती हे उत्तर सरसकट सगळ्या गाड्यांना लावताना. बोलेरोला जे चालतं ते सिटीलाही चालेल, असं धरून चालण्याला आधार नाही.

लाल तेलातही पायऱ्या आहेत. इंडियन ऑइलचं सर्वो ट्रान्सफ्लुइड ए हे टाइप ए घराण्यातलं, तालुक्याच्या गावीही मिळणारं. पुस्तकात टाइप ए लिहिलं असेल तर ते अगदी योग्य आहे. पण डेक्सरॉन तीन लिहिलेल्या गाडीत ते घालणं म्हणजे काही दशकं मागे जाणं होय. जुन्या तेलाची उष्णतेत टिकून राहण्याची ताकद नव्याइतकी नसते. उलट दिशेने, म्हणजे जुन्या अपेक्षेच्या जागी त्याच घराण्यातलं नवं तेल घालण्यात सहसा अडचण येत नाही.

तिसरं मत ‘सर्व गाड्यांसाठी’ असलेल्या सिंथेटिक तेलाचं. या बाटल्यांच्या मागे वीस-पंचवीस मानकांची यादी छापलेली असते. यांतली काही तेलं खरोखर चांगली असतात आणि उष्णतेत खनिज तेलापेक्षा जास्त टिकतात. पण यादीत ‘मान्यताप्राप्त’ आणि ‘योग्य ठरेल’ या दोन शब्दांत मोठा फरक आहे. पहिल्यामागे गाडी कंपनीची चाचणी असते, दुसऱ्यामागे तेल बनवणाऱ्याचा स्वतःचा दावा. दोन्ही एकाच यादीत मिसळलेली असतात, म्हणून ग्राहकाने बाटली उलटी करून वाचली पाहिजे. हिरव्या हायड्रॉलिक तेलाची ख्याती उणे ४० अंशांच्या थंडीतही वाहत राहण्याची आहे. घाटावर डिसेंबरच्या पहाटे शेकोट्या पेटतात खऱ्या, पण ती थंडी त्या तऱ्हेची नव्हे. तेव्हा ज्या गाडीला ते मुळात लागत नाही, तिच्यात केवळ उंची तेल म्हणून ते घालण्यात इथे काही कमाई नाही. ज्या गाडीचे सीलच त्या तेलासाठी निवडलेले आहेत, तिला मात्र दुसरं चालणार नाही.

चौथं मत ट्रॅक्टरच्या डब्याचं. हायड्रॉलिक ६८ या तेलाची ४० अंशांवरची श्यानता, म्हणजे घट्टपणा, ६८ सेंटिस्टोक असते, म्हणून त्याला तो आकडा. डेक्सरॉन तीनची त्याच तापमानाला ३५ च्या आसपास. म्हणजे जवळजवळ दुप्पट घट्ट. मे महिन्यात नांदुऱ्याला ते चालून जातं आणि वापरणाऱ्याला काही फरकही जाणवत नाही. हिवाळ्यात पहाटे चिखलीला गाडी सुरू करताच पंप कुरकुरतो, कारण घट्ट तेल टाकीतून पुरेसं ओढलं जात नाही आणि पात्यांपाशी पोकळी तयार होते. रबर त्याने लगेच खराब होत नाही, कारण तेल खनिजच आहे. आडरानात टाकी रिकामी झाली असताना पंप कोरडा फिरवण्यापेक्षा हे तेल घालून गाव गाठणं शहाणपणाचं. कायमचं म्हणून ते घालू नये.

या चारही मतांच्या बाहेर एक गोष्ट आहे आणि तिच्यावर वाद नाही. ब्रेक ऑइल पॉवर स्टेअरिंगमध्ये कधीही घालू नये. डॉट ३ आणि डॉट ४ ही ग्लायकॉलवर आधारलेली द्रव्यं नायट्राइल सीलची नासाडी करतात. उलट चूक याहून भयंकर: स्टेअरिंगचं खनिज तेल ब्रेकच्या टाकीत गेलं तर ब्रेकचे रबर, जे वेगळ्या जातीचे असतात, फुगून अडकतात आणि घाट उतरताना ब्रेक निकामी होऊ शकतो. दोन्ही टाक्या बॉनेटखाली जवळजवळ असतात, दोन्ही फिकट प्लास्टिकच्या असतात, आणि स्टेअरिंगचं तेलही काही गाड्यांत फिकट पिवळं असतं. झाकणावरची अक्षरं पुसून वाचल्याशिवाय बाटली उघडू नये. रंगावर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही, रंग कारखान्यात मिसळलेला असतो आणि काळ्या पडलेल्या तेलाचा तो उरतही नाही.

कधी बदलावं

यावर मतभेद जास्त तीव्र आहेत. बऱ्याच कंपन्यांनी पॉवर स्टेअरिंग ऑइल बदलण्याचं अंतरच ठरवून दिलेलं नाही. फक्त पातळी तपासा असं सांगितलं आहे. त्यावरून एक पक्ष म्हणतो की हे तेल गाडीच्या आयुष्याला पुरतं. जुन्या गाडीत तर हात लावूच नये, असा त्यांचा आग्रह असतो. त्यामागचा अनुभव खोटा नाही: पंधरा वर्षांच्या गाडीची कडक झालेली रबरी नळी क्लिप सोडवताना तडकते, हवा आत शिरते, आणि तेल बदलल्यावर महिन्याभरात गळती लागलेली माणसं आपल्या ओळखीत सापडतात.

दुसरा पक्ष म्हणतो की कोणतंच तेल कायमचं नसतं. उष्णतेने ते विटतं, पंपाच्या पात्यांची बारीक धातूची भुकटी आणि नळीच्या आतल्या रबराचे कण त्यात साचतात, झाकणाच्या श्वासछिद्रातून दमट हवा आत येते. अनेक टाक्यांत तळाशी एक बारीक जाळी असते, ती तुंबली की पंप उपाशी राहतो आणि घोंगावतो. इंजिन ऑइलला गाळणी असते, इथे त्या जाळीपलीकडे फार काही नसतं. म्हणून दर दोन-तीन वर्षांनी किंवा ४० ते ८० हजार किलोमीटरला तेल बदलावं, असा या पक्षाचा सल्ला.

तिसरा पक्ष तेलाची अवस्था पाहून ठरवतो, आणि मला हीच बाजू पटते. पांढऱ्या कागदावर टाकीतल्या तेलाचा एक थेंब सोडावा. लालसर, पारदर्शक डाग सारखा पसरला तर घाई नाही. मधोमध काळपट ठिपका राहिला, कण दिसले किंवा जळका वास आला तर दिवस भरले. तेल दुधाळ किंवा फेसाळ दिसलं तर प्रश्न हवेचा किंवा पाण्याचा आहे आणि आधी त्याचं मूळ शोधावं लागेल.

आपल्या जिल्ह्याच्या बाबतीत या वादात एक मुद्दा वाढतो, तो उष्णतेचा. तेल विटण्याचा वेग तापमान दर १० अंशांनी वाढलं की साधारण दुप्पट होतो, असा रसायनशास्त्रातला अडाखा आहे. ज्या पुस्तकांत बदलण्याचं अंतर दिलेलं नाही ती जगभरच्या हवामानासाठी लिहिलेली असतात. खामगावच्या बाजारात भर दुपारी गर्दीतून जागच्या जागी वळणारी, मग बोथ्याच्या घाटात नऊ-दहा माणसं घेऊन चढणारी जीप त्यांच्या सरासरीत बसत नाही. समृद्धी महामार्गावरून सिंदखेडराजा-मेहकरकडे जाणाऱ्या गाडीचं स्टेअरिंग फारसं फिरत नाही हे खरं, पण तिथेही इंजिनच्या वेगाने पंप जास्त तेल ढकलत राहतो आणि जास्तीचं तेल झडपेतून परत फिरताना तापतं. घाटाखाली राबणाऱ्या गाडीला दोन-तीन वर्षांची मर्यादा घालून घेणं मला रास्त वाटतं. घाटावर, घरगुती वापराच्या गाडीला थेंब पाहून ठरवलं तरी चालेल.

पातळी मोजण्यातही ही उष्णता आडवी येते. टाकीवर किंवा दांडीवर ‘हॉट’ आणि ‘कोल्ड’ अशा दोन खुणा असतात. टोयोटाच्या पुस्तकानुसार ‘कोल्ड’ म्हणजे तेल १० ते ३० अंशांच्या दरम्यान असताना, आणि ‘हॉट’ म्हणजे ६० ते ८० अंशांना. मे महिन्यात मलकापुरात सकाळपासून उभी असलेली, इंजिन न लावलेली गाडीही दुपारी या अर्थाने थंड नसते. तेव्हा ‘कोल्ड’ खुणेशी पातळी मोजायची असेल तर ती भल्या पहाटे मोजावी. नाहीतर तेल पुरेसं वाटतं आणि प्रत्यक्षात कमी असतं.

कसं बदलावं

दोन पद्धती रूढ आहेत. सोपी पद्धत मोठ्या सिरिंजची. टाकीतलं जुनं तेल ओढून घ्यायचं, नवं भरायचं, इंजिन चालू करून स्टेअरिंग दोन्ही बाजूंना फिरवायचं आणि काही दिवसांनी पुन्हा तेच करायचं. यात नळी सोडावी लागत नाही, हवा शिरत नाही. मर्यादा हिशेबाची आहे. संपूर्ण यंत्रणेत सुमारे एक लिटर तेल आणि टाकीत त्याचा तिसरा हिस्सा धरला, तर एका वेळेनंतर ६७ टक्के जुनं तेल शिल्लक राहतं, दोन वेळांनंतर ४४, तीन वेळांनंतर ३० आणि पाच वेळांनंतर १३ टक्के. म्हणजे ‘एकदा ओढून भरलं’ याला तेल बदलणं म्हणता येत नाही. पाचदा करायला दीड लिटरहून थोडं अधिक तेल लागतं. नळ्या जुन्या असतील आणि आत आधीपासून बरोबर जातीचं तेल असेल, तर हीच पद्धत उत्तम.

दुसरी पद्धत परतीची नळी सोडून सगळं तेल काढण्याची. गाडी तिसऱ्या मालकाची असेल, आत काय भरलं आहे याचा पत्ता नसेल, किंवा चुकीचं तेल पडल्याची शंका असेल तर हिला पर्याय नाही. पुढची दोन्ही चाकं उचलून गाडीखाली घोड्या लावाव्यात, नुसत्या जॅकवर विसंबू नये. किल्ली स्टेअरिंगचं कुलूप सुटेल इतकीच फिरवायची, इंजिन बंद. टाकीला येणारी परतीची नळी काढून बाटलीत सोडायची, टाकीचं तोंड बुचाने बंद करायचं. मग एकाने स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवायचं आणि दुसऱ्याने टाकीत नवं तेल घालत राहायचं, टाकी कधीही रिकामी होऊ न देता. बाटलीत स्वच्छ तेल येऊ लागलं की नळी जोडायची. नवी क्लिप काही रुपयांची असते, जुनीच पुन्हा लावण्यात काटकसर नाही.

यानंतरच्या हवा काढण्याच्या कामात घाई होते आणि बहुतेक तक्रारी तिथूनच जन्मतात. इंजिन बंद ठेवूनच, चाकं उचललेली असताना, स्टेअरिंग पंधरा-वीस वेळा टोकापासून टोकापर्यंत फिरवावं. टाकीतले बुडबुडे थांबले की मगच इंजिन सुरू करावं. आधीच सुरू केलं तर पंप हवा आणि तेल घुसळून फेस करतो आणि तो निवायला तास जातात. पंप कोरडा फिरला तर त्याच्या पात्यांवर ओरखडे उमटतात, आणि नंतर कितीही उंची तेल घातलं तरी ते भरून निघत नाहीत.

काढलेलं तेल कुठे जातं, हा या कामाचाच भाग आहे. पेनगंगा बुलढाण्याजवळ उगम पावते, ज्ञानगंगेचं अभयारण्य घाटाला लागून आहे, लोणार सरोवराला २०२० मध्ये रामसर दर्जा मिळाला. गॅरेजमागच्या नालीत ओतलेलं तेल पहिल्या पावसात याच पाण्याची वाट धरतं. २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार वापरलेलं तेल अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याकडेच जायला हवं, आणि २०२३ च्या दुरुस्तीने ते गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी तेल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवरही टाकली आहे. एक लिटर न्यायला कोणी येणार नाही. इंजिन ऑइलच्या पिंपातच ते जमा करावं आणि पिंप भंगारात न देता परवानाधारकाकडे द्यावं.

गळती आणि बाटलीतले उपाय

गळती थांबवणाऱ्या औषधांचा बाजार मोठा आहे. यांतल्या बहुतेकांत सील फुगवणारी द्रव्यं असतात. वयाने आकसलेला, कडक झालेला सील त्याने थोडा फुगतो आणि ठिबकणं काही काळ थांबतं. सील फाटलेला असेल, रॅकच्या दांड्यावर गंज चढून खड्डे पडले असतील किंवा प्रेशर पाइपचा जोड सुटत असेल तर त्याचा उपयोग नाही. समर्थकांचं म्हणणं असं की शेवटचे दिवस मोजणाऱ्या गाडीत हजारोंचा खर्च करण्यापेक्षा हे बरं. विरोधक म्हणतात, चांगले असलेले बाकीचे सीलही त्याने गरजेपेक्षा मऊ होतात. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. गाडी अजून पाच वर्षं ठेवायची असेल तर मी या बाटलीच्या वाटेला जाणार नाही. पंधरा वर्षं पूर्ण झालेल्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० रुपये झालं. इतके पैसे भरून गाडी ठेवायचं ठरवलेल्याने सील बदलण्याचा खर्चही त्याच हिशेबात धरावा.

अजून न सुटलेलं

पहिला प्रश्न डेक्सरॉन तीनचा. पुस्तकात ते लिहिलेल्या लाखो गाड्या रस्त्यावर आहेत आणि त्याचे परवाने २००६ अखेर संपले. आज बाटलीवर ‘डी-तीन’ छापलेलं तेल म्हणजे तेल बनवणाऱ्याचं वचन. त्यावर जनरल मोटर्सची मोहोर नाही. नामवंत तेल कंपन्यांच्या बाबतीत ते वचन विश्वासार्ह मानायला हरकत नाही, अनोळखी नावांच्या बाबतीत कठीण आहे. डेक्सरॉन सहा मागच्या सगळ्यांची जागा घेऊ शकतं असं जनरल मोटर्स म्हणते, पण ते तापल्यावर डेक्सरॉन तीनपेक्षा काहीसं पातळ असतं. झिजलेल्या पंपात, ४४ अंशांच्या उन्हात, हा फरक जाणवतो का? जाणकार इथे दोन्ही बाजूंना आहेत. मी सध्या नामवंत कंपनीचं डी-तीन मिळतंय तोवर तेच घेण्याच्या बाजूचा आहे.

दुसरा प्रश्न: नव्या तेलाने गळती लागते की आधीच कमकुवत झालेला सील नव्या तेलामुळे उघडा पडतो? नव्या तेलातली शुद्ध करणारी द्रव्यं जुना चिकट थर धुऊन काढतात, आणि त्या थरानेच गळती रोखलेली असू शकते. मालकाला मात्र एवढंच दिसतं की तेल बदललं आणि गाडी ठिबकू लागली. हा गुंता एका गाडीच्या अनुभवावरून सुटत नाही.

तिसरा प्रश्न आपल्याकडचा खास. ज्या गाडीचा रॅक किंवा बॉक्स एकदा स्थानिक पातळीवर उघडून, बाजारातला सील-संच घालून पुन्हा बसवला आहे, तिच्यासाठी पुस्तकातला नियम कितपत लागू राहतो? पुस्तकातलं तेल मूळ सीलसाठी ठरलेलं असतं. बाजारातले संच बहुधा नायट्राइलचेच असतात, पण संचाच्या पाकिटावर रबराची जात लिहिलेली क्वचितच आढळते. अशा गाडीत पुस्तकातलंच तेल घालून पहिले काही आठवडे जोडांवर लक्ष ठेवणं, यापलीकडे आज कोणी खात्रीने सांगू शकत नाही.

या तिन्ही प्रश्नांची उत्तरं प्रयोगशाळेपेक्षा गॅरेजांतच दडलेली आहेत, पण तिथे नोंद ठेवण्याची रीत नाही. खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकर इथल्या मिस्त्रींना म्हणूनच एक विनंती: स्टेअरिंगचं तेल बदललं की तेलाचं नाव, तारीख आणि किलोमीटरचा आकडा लिहिलेली चिठ्ठी टाकीच्या झाकणाशेजारी चिकटवा आणि तीच ओळ आपल्या वहीतही उतरवा. आणि गाडीमालकांनो, गाडी विकताना बाकीच्या कागदांबरोबर ही माहितीही पुढच्या मालकाच्या हाती द्या.